म्हणाले काय, ऐकले काय

बोईसर,
२९ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
दीपालीचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला हे मीच आधी कबूल करते, म्हणजे तुझ्या उत्तरातल्या रागाच्या चार ओळी तरी वाचतील. बाबांनी तुला फोन केला होता म्हणे. पण तुला फोनवर अर्धं ऐकू येतं आणि बाबा मुळात अर्धंच सांगतात, तेव्हा तुझ्यापर्यंत पाव बातमी पोचली असणार. पूर्ण बातमी अशी, की एका मोठ्या विमान कंपनीने पायलटची भरती काढली आहे आणि मी अर्ज केला आहे. प्रियदर्शिनीनेही केला आहे. एकाच दुपारी, तिच्या घरी, एकाच टेबलाशी बसून.

प्रियदर्शिनी म्हणजे वीज केंद्राच्या कॉलनीतली, चंद्रभानकाकांची मुलगी, मूळची भंडाऱ्याकडची. विमानशाळेत आम्ही एका खोलीत राहायचो आणि तुझं पत्र आलं की ती विचारायची, आज किती चुका निघाल्या. लायसन्स हातात येऊन दोघींना दोन वर्षं होऊन गेली. ती कॉलनीतल्या मुलांच्या शिकवण्या घेते आणि मी एमआयडीसीतल्या कारखान्यातून मालाचे ट्रक रवाना करते. विमान उडवायला शिकलेली तुझी भाची दिवसभर ड्रायव्हर लोकांना हिंदीत सांगत असते, की ताडपत्री नीट बांधा. बाबांना त्यात काही वावगं दिसत नाही. त्यांचं म्हणणं, दोन्हीकडं काम एकच हाय, इथून उचलायचं आणि तिथं नेऊन टाकायचं.

मात्र त्यांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली आहे आणि मलाही ती पटली आहे. या वेळी जमलं नाही तर कारखान्यात कायमची जागा देताहेत ती घ्यायची आणि विमानाचं नाव काढायचं नाही. लायसन्स नुसतं कपाटात ठेवून चालत नाही, उडत राहावं लागतं, आणि स्वतःच्या खर्चाने कोण किती दिवस उडणार? तेव्हा आत्या, ही शेवटची खेप.

सराव जोरात चालू आहे. आमच्या कपाटाच्या दारावर विमानाच्या कॉकपिटचं मोठं चित्र चिकटवलंय आणि समोर दोन खुर्च्या मांडल्यात. एकजण उडवते, दुसरी बाजूला बसून यंत्रांवर नजर ठेवते आणि पहिलीने विचारलं की उत्तर देते. आईला साडी काढायची असली की उजवं इंजिन उघडावं लागतं. काल आम्ही ऐन उतरत असताना तिला टॉवेल हवा होता.

कानाचं यंत्र कानात आहे की अजून डब्यातच आहे, ते खरं खरं कळव. लोभ आहे तेवढा राहू दे. वाढवलास तर मी नको म्हणणार नाही.

तुझी,
दीपाली


माकुणसार,
४ ऑक्टोबर २०२५

चि. दीपालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

(हा शब्द असा लिहितात. तू याआधीच्या एका पत्रात 'आर्शिवाद' मागितला होतास. तसा माझ्याकडे नव्हता, म्हणून पाठवला नाही.)

पत्र पावले आणि जीव भांड्यात पडला. कमलेशने फोनवर सांगितले ते मी, दीपालीने मोठ्या कंपनीत कर्ज केले, असे ऐकले होते. दोन दिवस तुझ्यावर रागावून होते. अर्ज केला असेल तर उत्तमच झाले. राग परत घेते.

शेवटची खेप हे शब्द तुझ्या बापाचे आहेत, पण मुदत असलेली बरी. मुदत नसलेले काम आमच्या शाळेच्या पत्र्यांच्या दुरुस्तीसारखे होते. मी निवृत्त झाले तरी ते चालूच आहे. तू मुदतीत जे होईल ते मन लावून कर. आणि एक सांगते, मी हे कोणापाशी बोललेले नाही. मला तुला विमानात पुढे बसलेली पाहायची फार इच्छा आहे. आपल्या घरातल्या बायका आजवर बैलगाडीत मागे, टेम्पोत मागे आणि स्कूटरवर मागे बसत आल्या.

मैनाबाई मासळी घेऊन आली तेव्हा तिला सांगितले. तिने विचार करून विचारले, की इमान वर थांबवून जेवाया मिलते का पोरीला. मी म्हटले विचारून सांगते. तेव्हा तेही कळव.

कानाच्या यंत्राची चौकशी केलीस त्याबद्दल आभारी आहे. ते डब्यात अगदी सुखरूप आहे.

तुझी,
उषाआत्या


बोईसर,
२९ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या चकल्या प्रवासात अर्ध्या मोडल्या, पण मोडलेल्याही बाबांनी सोडल्या नाहीत. मैनाबाईला सांग, की जेवायला मिळतं, पण थांबायला मिळत नाही.

आत्या, आज मन थाऱ्यावर नाही. लेखी परीक्षा आणि मुलाखत आम्ही दोघी पास झालो होतो. शेवटची पायरी होती सिम्युलेटर, म्हणजे खोलीएवढं खोटं विमान. दिल्लीच्या बाजूला आहे. आत बसलं की खऱ्यासारखंच उडतं, थरथरतं, समोर धावपट्टी दिसते. तिथे जोडीने परीक्षा घेतात. आमचे नंबर लागोपाठचे, त्यामुळे जोडी आमचीच लागली. आम्हाला वाटलं, देव पावला. कपाटासमोर जे केलं तेच करायचं होतं.

आधी प्रियदर्शिनी उडवत होती, मी बाजूला होते. सगळं छान चाललं होतं. उतरताना चाकं खाली येऊन घट्ट बसली की समोर तीन हिरवे दिवे लागतात. तिने ते लागले का विचारलं. मी पाहिलं, तिन्ही लागले होते, मी उत्तर दिलं. आणि तिने एकदम विमानाचं नाक खाली दाबलं. आम्ही अगदी हव्या त्या उंचीवर होतो, तसं करायचं काही कारणच नव्हतं. इशारे वाजायला लागले. मी 'गो अराउंड' म्हटलं, म्हणजे उतरणं सोड आणि परत वर चल. तिने तात्काळ विमान वर नेलं, आम्ही फेरी मारून आलो आणि दुसऱ्यांदा व्यवस्थित उतरलो. माझी पाळी आली तेव्हा माझंही नीट झालं.

बाहेर आल्यावर परीक्षक कॅप्टननी तिला विचारलं, की नाक का दाबलंस. ती म्हणाली, बाजूने 'हाय' असं सांगितलं गेलं. हाय म्हणजे विमान हवं त्यापेक्षा उंचावर आहे, खाली घे. कॅप्टन माझ्याकडे वळले आणि विचारलं, तू हाय म्हणालीस का. मी म्हणाले, नाही सर. मी कशाला म्हणेन? त्यांनी मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि आम्हाला जायला सांगितलं.

तेव्हापासून प्रियदर्शिनी माझ्याशी बोललेली नाही. परतीच्या गाडीत ती वरच्या बर्थवर तोंड फिरवून झोपून राहिली. मी दिलेलं संत्रंही तिने खाल्लं नाही. बोईसरला उतरल्यावर एवढंच म्हणाली, की तू मला खोटं पाडलंस. मला राग आला आणि वाईटही वाटलं. आपली चूक झाकायला तिने माझं नाव घेतलं, असंच मला वाटतं, पण ती तशी मुलगी नाही गं. निकाल महिन्याभरात लागेल म्हणतात. तू काहीतरी लिही.

तुझी,
दीपाली


माकुणसार,
३ नोव्हेंबर २०२५

चि. दीपालीस,
आशीर्वाद, बरोबर लिहिलेले.

तुझे पत्र दोनदा वाचले. एकदा आत्या म्हणून आणि एकदा शाळेतली बाई म्हणून.

आत्या म्हणून वाचले तेव्हा मलाही त्या मुलीचा राग आला. पण मग मागच्या आठवड्यातली माझी फजिती आठवली, ती ऐक. मैनाबाई दारात टोपली ठेवता ठेवता म्हणाली, जिव्याची मोटर गेली. जिव्या म्हणजे पलीकडच्या वाडीतला, मला भाजी आणून देतो तो. मी ऐकले, जिव्याची म्हातारी गेली. मी चूल विझवली, पांढरे लुगडे नेसले आणि त्याच्या घरी गेले, तर दार उघडायला पारूम्हातारी स्वतः. माझा चेहरा बघून तिला वाटले माझ्याकडेच कोणी गेले. तिने मला बसवले, पाणी दिले, पाठीवरून हात फिरवला. मीही तिच्याकडून सांत्वन करून घेतले, करते काय? घरी येऊन मैनाबाईवर तोंडसुख घेतले, तर ती म्हणते, बाई, मी तं मोटर बोलली. ती खरेच बोलत होती. आणि मी म्हातारी ऐकले, हेही तितकेच खरे होते. खोटे कोणीच नव्हते आणि तरी मी पांढरे लुगडे नेसून बसले होते.

मग हातात लाल पेन घेऊन पत्र पुन्हा वाचले आणि एका जागी थांबले. कोण कुठे बसले, काय वाजले, कॅप्टन काय म्हणाले, सगळे तू शब्दाशब्दाने लिहिले आहेस. संत्रेसुद्धा सोडले नाहीस. फक्त दिवे लागले का असे तिने विचारले तिथे लिहितेस, 'मी उत्तर दिलं'. काय उत्तर दिलेस?

घाबरलीस किंवा घाईत असलीस की तू शाळेतली भाषा विसरतेस. चौथीत माझ्या वर्गात होतीस, तेव्हा तोंडी परीक्षेत साहेबांनी विचारले होते, भारताच्या दक्षिणेला समुद्र आहे का. तू काय म्हणालीस ते साऱ्या वर्गाने ऐकले होते आणि मला खाली बघावे लागले होते. आता सांग, घरी तुझ्या बापाने विचारले, दिवे लागलेत का गं, तर तू काय म्हणतेस?

तुझ्या पत्राचे ते पान सोबत परत पाठवते. एका शब्दाखाली रेघ मारली आहे. तो इंग्रजीत वाचू नकोस. आपल्या घरात म्हणतात तसा मोठ्याने म्हणून बघ.

तुझी,
उषाआत्या


बोईसर,
८ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पाकीट मी कामावरच फोडलं. रेघ मारलेल्या शब्दाकडे बघत होते आणि अजून डोक्यात प्रकाश पडला नव्हता. इतक्यात भिका, जो आमच्याकडे ट्रक भरतो, त्याने खिडकीतून विचारलं, की कागदावर शिक्का हाय का मारलेला. मी मान वर न करता म्हणाले, हाय. आणि तोंडावर हात ठेवून तशीच बसले. भिकाला वाटलं शिक्का राहिला असणार, तो कागद पुन्हा तपासायला घेऊन गेला.

मी म्हणाले होते, आत्या. मला आठवत नाही, पण मी नक्की म्हणाले होते. तिने तीन दिवे लागले का विचारलं आणि मी म्हणाले, हाय. कपाटासमोर इतका सराव केला तेव्हा एकदाही असं झालं नाही, कारण कपाटाची भीती वाटत नव्हती. तिथे सगळा कारभार इंग्रजीत, कानावर हेडफोन, तिने ऐकलं ते बरोबरच ऐकलं. ऐकून लगेच नाक खाली घेतलं, तेही बाजूच्या पायलटवर विश्वास ठेवून.

सुटल्यावर थेट कॉलनीत गेले. तिने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. मी उंबऱ्यातच सगळं सांगितलं, तुझं रेघ मारलेलं पान दाखवलं. ते पान वाचून ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. काकू पोहे घेऊन आल्या त्या तशाच उभ्या राहिल्या. मग कळलं, ती गेल्या आठवड्यात घरी न सांगता पालघरला जाऊन कान तपासून आली होती. मी इतक्या ठामपणे नाही म्हणाले, की तिला वाटलं आपल्यालाच भलतं ऐकू आलं. कानात दोष असेल तर आपण पायलटच होऊ शकत नाही, या भीतीत ती इतके दिवस होती. माझ्या एका 'नाही सर'मुळे. मला फार लाज वाटली.

आता प्रश्न असा, की कंपनीला कळवायचं की नाही. कळवलं नाही, तर त्यांच्या लेखी प्रियदर्शिनीने चूक केली आणि वर माझ्यावर ढकलली. कळवलं, तर चुकीचं बोलणारी मी आणि वर नाकारणारीही मीच. मग मला कोण घेईल? प्रियदर्शिनी स्वतः म्हणते, नको लिहू, दोघींपैकी एक तरी जाईल. बाबा म्हणतात, कुणी इचारलं नाय तर सांगायला कशाला जायचं. मी कामावर कायमच्या जागेचा कागद अजून परत केलेला नाही, टेबलाच्या खणात आहे. आत्या, मला ही नोकरी फार हवी आहे. तू सांगशील तसं करीन असं म्हणत नाही, पण तुझं ऐकल्याशिवाय काही करणार नाही.

तुझी,
दीपाली


बोईसर,
९ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
कमलेशचा सा. न.

मी पत्र लिहीत नाय हे तुला माहीत हाय. (मुद्दाम असंच लिहिलंय, मार रेघ.) पोरीने तुला विचारलंय म्हणून लिहितो. तू तिला सत्य-बित्य शिकवू नको. पेपर देऊन झाल्यावर कोण मास्तरला सांगायला जातं, की माझं चौथं उत्तर चुकलंय? तिने किती मेहनत केली हे मी पाहिलंय. रात्रपाळीहून येतो तेव्हा ती कपाटापुढं बसून उतरत असते. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा नको.

आणि हे तुझ्यामुळं झालं. शाळेत तू तिच्या तोंडातून हाय काढायला गेलीस, ते पोटात जाऊन बसलं आणि नको तिथं वर आलं.

वाल आले असतील तर पाठव. तब्येतीला जप.

तुझा भाऊ,
कमलेश


माकुणसार,
१३ नोव्हेंबर २०२५

चि. दीपालीस,
अनेक आशीर्वाद.

हेच पत्र कमलेशलाही वाचून दाखव, वेगळे लिहिणार नाही. त्याला सांग, ते मी काढायला गेले नव्हते, फक्त वेळ-वखत शिकवत होते. घरात हाय म्हणा, साहेबापुढे आहे म्हणा. त्याला ते चाळीस वर्षांत कळले नाही म्हणून तो सासरच्या मंडळींपुढेही तसाच बोलतो. वाल आले आहेत. पाठवते.

आता तुझे. तोंडातून एक शब्द गेला, त्याला मी चूक म्हणत नाही. माणूस घाबरले की आईची भाषा बोलते. तू नाही म्हणालीस तेही जाणूनबुजून नव्हे, तुला तसे वाटत होते. आजवर तुझ्याकडून जे झाले ते सगळे नकळत झाले. पण आता तुला कळले आहे. यापुढे गप्प राहिलीस तर ते मात्र नकळत होणार नाही.

कमलेश म्हणतो चौथे उत्तर. चौथे उत्तर चुकले तर स्वतःचा एक गुण जातो. इथे दुसरीचा जातो आहे. ती मुलगी तुझ्या शब्दावर विमान खाली घेते आणि तू तिला तिच्याच कानांवर संशय घ्यायला लावतेस, हे कसे चालेल? उद्या विमानात तुझ्या शेजारी कोणी अनोळखी माणूस बसेल. त्यालाही तुझ्या शब्दावरच चालायचे आहे.

मला काही वाटत नाही असे समजू नकोस. तुझी नोकरी गेली तर मला तुझ्याइतकेच वाईट वाटेल, कदाचित जास्त. तू तरुण आहेस, तुला दुसरे काही मिळेल. मला मात्र पुढे बसलेली पाहायला दुसरी भाची नाही. तरीही लिही. क्षमा मागणारे रडके पत्र नको. काय विचारले, काय म्हणाले, तिने काय ऐकले, आणि मी नाही म्हणाले ते चुकले, एवढेच लिही. पाठवण्याआधी मला दाखवू नकोस, नाहीतर मी त्यात सुधारणा करीन.

तुझी,
उषाआत्या


बोईसर,
१२ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

महिनाभर पत्र नाही म्हणून तू बाबांना फोन केलास आणि त्यांनी काहीतरी गोलमाल उत्तर दिलं, हे मला कळलं. सगळं पक्कं झाल्याशिवाय लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. आता लिहिते.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी कंपनीला मेल केला. तू सांगितलंस तेवढंच लिहिलं, इंग्रजीत, दहा-बारा ओळी. आमच्या गावाकडे हाय म्हणजे आहे, हे इंग्रजीत समजावताना नाकी नऊ आले. बाबा पाठीमागे उभे होते. मी बटण दाबलं तेव्हा ते बाहेर जाऊन गाडी पुसत बसले. पुढे बरेच दिवस काही उत्तर नाही. कामावरच्या साहेबांनी कायमच्या जागेबद्दल दोनदा विचारलं. मी खणातला कागद काढला, सही करायला पेनही उघडलं, आणि परत ठेवला.

मग फोन आला, की एकटीच पुन्हा ये.

गेले. तेच कॅप्टन होते. त्यांनी आधी बसायला सांगितलं आणि मग खरा प्रकार सांगितला. सिम्युलेटरमध्ये बोललेलं सगळं रेकॉर्ड होतं, आत्या. आम्ही गेल्यावर त्याच संध्याकाळी त्यांनी ते ऐकलं होतं. त्यात माझ्या आवाजात स्वच्छ ऐकू येत होतं, हाय. प्रियदर्शिनी खरं बोलली हे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं आणि तिला काही धक्का लागलेला नव्हता. यादीतून नाव काढलं होतं ते माझं. ते म्हणाले, शब्द कुणाच्याही तोंडून जातो, त्यासाठी आम्ही कुणाला काढत नाही. पण स्वतः म्हटलेलं नाकारणारा माणूस आम्हाला त्या खुर्चीवर नको. मग माझा मेल आला. त्यांनी तो समोर ठेवून रेकॉर्ड पुन्हा ऐकलं. या वेळी त्यांच्याच ऑफिसातली एक कोल्हापूरची बाई सोबत होती, तिने आधीचा प्रश्न आणि माझं उत्तर ऐकलं आणि म्हणाली, ही मुलगी मराठीत बोलली आहे.

तू बघ ना. मी प्रियदर्शिनीला वाचवायला म्हणून लिहिलं आणि तिला वाचवायची गरजच नव्हती. मी गप्प बसले असते तर तिची निवड झाली असती, माझी झाली नसती, आणि का झाली नाही हे मला जन्मात कळलं नसतं. मी तिच्यावर जळत ट्रक मोजत बसले असते. कदाचित सगळ्यांना सांगतही बसले असते, की दोघींचं सारखंच झालं होतं, तिची ओळख असणार.

त्यांनी मला पुन्हा सिम्युलेटरमध्ये बसवलं, इंदूरच्या एका मुलाबरोबर. त्याने दिव्यांचं विचारलं तेव्हा मी आधी एक श्वास घेतला आणि मग उत्तर दिलं. परवा पत्र आलं. दोघींची निवड झाली. प्रियदर्शिनी जानेवारीत प्रशिक्षणाला जाईल, मी मार्चमध्ये. तिच्या घरी सांगायला गेले तर चंद्रभानकाका ड्यूटीवरून नुकतेच आले होते, ते डोळे पुसत म्हणाले की धूळ फार आहे.

आणि बाबा. बाबा आता सगळ्या आळीत सांगतात, की मी पहिल्यापासून पोरीला बोलत होतो, लिही म्हणून, खरं ते सांगून मोकळी हो. इतकं मनापासून सांगतात, की मला कधी कधी वाटतं, तसंच झालं असेल.

आत्या, तू नसतीस तर, एवढंच लिहून सोडते. पुढचं तुला कळेल. लोभ वाढला आहे, तो तसाच ठेव.

तुझी,
दीपाली


माकुणसार,
१६ डिसेंबर २०२५

चि. दीपालीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून रडले. मैनाबाईला वाटले कोणी गेले, तिला समजावता समजावता तीही रडली, आणि रडून झाल्यावर तिने कारण विचारले. आज तिने कोळंबी फुकट दिली आहे. तुझ्या पत्रात चुका सात आहेत. एकीवरही रेघ मारलेली नाही.

कमलेशला जे सांगायचे ते सांगू दे. तो आता खरेच तसे समजतो, त्याच्याशी वाद घालू नकोस.

रविवारी तू आणि प्रियदर्शिनी दोघी इकडे या. वाडीत कंद आणि वाल घालून उकडहंडीचे मडके लावते आहे. पत्र पुरे झाले, मला हे सगळे समोर बसून ऐकायचे आहे. तो फोन कसा आला, कॅप्टन काय म्हणाले, तू पेन उघडून परत का ठेवलेस, सगळे. यंत्र लावले तरी मला अर्धेच ऐकू येईल. जे ऐकू येणार नाही ते मी पुन्हा विचारीन. आणि तू, न कंटाळता, पुन्हा सांग.

वाट पाहणारी,
उषाआत्या